फऱ्याखालची जागा

आमचे डॉक्टर माणसाला समोरून ओळखत नसत. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच सांगतो. चिंचवड स्टेशनच्या फलाटावर मी एकदा त्यांना चांगला हात जोडून नमस्कार केला, तर परक्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण?" तेव्हा मी त्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं कारकुनी करत होतो. रोज आठ तास त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो. मी वैतागून पाठ फिरवली आणि चालू लागलो, तशी मागून हाक आली, "अहो लेखनिक! डावा खांदा पाडून चालू नका, किती वेळा सांगायचं!"

लेखनिक म्हणजे मी. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही.

कारखाना चिंचवडच्या हद्दीत, हमरस्त्याला लागून होता. साठीचं दशक संपत आलं होतं आणि आजूबाजूला दर दोन-चार महिन्यांनी एखादी नवी शेड उभी राहत होती. मोशी, चाकण, तळेगाव अशा गावांकडची माणसं शेत भावावर टाकून शिफ्टला लागत होती. आमचा दवाखाना म्हणजे टाइम ऑफिसच्या मागच्या दोन खोल्या. एका खोलीत पट्ट्या, टिंक्चर, मिक्स्चरच्या बाटल्या. दुसरीत डॉक्टर, मी, एक बाक आणि एक मोकळी भिंत. या भिंतीवर डॉक्टरांनी तसबीर सोडाच, साधं कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं. पेशंट आत आला की त्याला शर्ट काढायला लावायचं, भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळवे टेकवायला लावायचे आणि म्हणायचं, "ढकल." बोटाला चिमटा बसलेला माणूसही आधी भिंत ढकलून मगच बोट दाखवू शके. त्या चुन्याच्या भिंतीवर छातीच्या उंचीला ऑइलच्या काळ्या पंजांची रांग उमटली होती. मेंटेनन्सवाले वर्षातून एकदा बोंब मारत आणि चुना लावून जात. आठ दिवसांत पंजे हजर.

"डॉक्टर, हे कशासाठी?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"माणूस तोंडाने खोटं बोलतो," ते म्हणाले, "पाठीला ती सवय नसते."

त्यांच्यापुढे 'पाठ दुखते' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच तर ते चष्मा काढत, पुसत आणि अगदी शांतपणे विचारत, "पाठ हा जिल्हा आहे. गाव सांग." पेशंट बिचारा गोंधळून आपल्या खरोखरच्या गावाचं नाव सांगे. मग डॉक्टर त्याच्या पाठीवर बोट टेकवत इंच इंच सरकत. हे गाव का? याच्या शिवेवर का? ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? एकेका माणसाला वीस मिनिटं. बाहेर बाकावर सात-आठ जण ताटकळत. सुपरवायझर फोन करून मला झापत. डॉक्टरांना कुणी फोनवर बोलवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

पाठीतही त्यांचा सगळा जीव एकाच जागेत अडकला होता. पाठीच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंना चपटं, तिकोनी हाड असतं, त्याला आपल्याकडे फरा म्हणतात. या फऱ्याच्या खाली, म्हणजे फरा आणि बरगड्या यांच्या मधे जे काही असतं, ते डॉक्टरांचं राज्य. पूर्वी ते पुण्यात एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. ती नोकरी का सोडली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, विद्यार्थ्यांनीच हात टेकले असतील. कोटाच्या उजव्या खिशात ते बकऱ्याचा एक वाळलेला फरा बाळगत. चिंचवड गावातल्या खाटकाकडून मागून आणलेला, उकळून, चुन्यात ठेवून पांढराशुभ्र केलेला. त्याचा उपयोग पेशंटला समजावून सांगायला, कागदांवर वजन ठेवायला आणि कुणी बघत नसेल तेव्हा स्वतःची पाठ खाजवायला होत असे. मी बघत असे, पण मी त्यांच्या हिशेबी कुणी नव्हतो.

"हे बघा," ते मला सांगत, मी न विचारता, "शरीरातली बाकीची हाडं एकमेकांना खिळलेली आहेत. फरा नाही. फरा मांसावर ठेवलेला आहे. पुढून एका आडव्या हाडाने टांगलेला, बाकी मोकळा. म्हणून माणसाचा हात एवढा फिरतो. आणि ज्याच्यावर तो ठेवलाय, त्याला आपल्या भाषेत नाव नाही! लाज वाटत नाही तुम्हाला?"

मला कशाला लाज वाटायची? मला घरी जायला उशीर होत होता.

त्यांचं म्हणणं असं की लॅटिन नावं लॅटिन माणसाला लखलाभ, आणि संस्कृत नावं पंडितांना. सरकारी परिभाषेच्या कोशात फऱ्याला 'अंसफलक' म्हणतात आणि त्याच्या खालच्या स्नायूला 'अधःअंसफलक' का असलंच काहीतरी. डॉक्टर तो शब्द उच्चारताना तोंडात खडा आल्यासारखं करत. "भट्टीवरचा माणूस ओरडत येऊन म्हणेल का, डॉक्टर, माझा अधःअंसफलक गेला?" म्हणून त्यांनी एक जाड वही केली होती आणि त्या जागेसाठी कामगारांकडून शब्द गोळा करत होते. पद्धत साधी होती. बकऱ्याचा फरा हातात द्यायचा, खाली काय काय असतं ते कागदावर काढून दाखवायचं आणि विचारायचं, "तू याला काय म्हणशील?"

पहिल्यांदा माणसं लाजत. मग बोलत. फऱ्याच्या खालून निघून पुढे बरगड्यांना एकेक बोट रोवून बसलेला जो स्नायू असतो, त्याला एका टर्नरने बघताक्षणी 'दातेरी' म्हटलं. मधल्या गुळगुळीत जागेला, जिथे फरा सरकतो, एका फिटरने 'स्लाइड' म्हटलं आणि वर विचारलं, "ह्याला ग्रीस कोण देतं, डॉक्टर?" डॉक्टर इतके खूश झाले की त्याला एक दिवसाची रजा लिहून दिली, काही दुखत नसताना. मानेतून उतरून बरगड्यांवरून त्या दातेरीपर्यंत जाणारी एक लांब शीर असते. तिच्यावर मांसाचं पांघरूण नसतं, उघड्यावरून जाते. एका इलेक्ट्रिशियनने चित्र बघून मान हलवली. "वायरिंग चुकलंय राव. ही पाइपातून न्यायला पाहिजे होती. कधीतरी तुटणार."

"हे बघा, लेखनिक," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "जे मी पोरांना एक वर्ष शिकवत होतो, ते या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं."

फऱ्याच्या पोटाला चिकटून असलेल्या स्नायूचं नाव मात्र त्यांना कारखान्यात मिळालं नाही. ते दिलं स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. डॉक्टर दर रविवारी मास्तरांच्या दुकानात लाकडी स्टुलावर जाऊन बसत, कारण मास्तरही माणसं पाठीवरून ओळखत. कोणाचा खांदा किती उतरलाय, कोणत्या बाजूला कापड जास्त सोडावं लागतं, हे त्यांच्या टेपला कळे. डॉक्टरांनी चित्र दाखवलं तेव्हा मास्तरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये तो अस्तर है, डॉक्टरसाब. बाहेरसे दिखता नहीं, पण त्याच्याबिगर कोट बसत न्हाई." डॉक्टरांनी तिथल्या तिथे वही काढली. सोमवारी सकाळी आले ते दारातूनच ओरडत, "अस्तर! फऱ्याचं अस्तर!" बाकावरचा एक माणूस दचकून उठून उभा राहिला.

हे सगळे शब्द त्यांनी परिभाषा ठरवणाऱ्या कुठल्याशा समितीला व्यवस्थित यादी करून पाठवले. मीच अक्षर काढून लिहिली होती यादी. तीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं: आपली सूचना विचाराधीन आहे. डॉक्टरांनी ते कार्ड जपून ठेवलं. खरोखर विचार चालू आहे असं त्यांना वाटत होतं की काय, देव जाणे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. सांगू नये असंच वाटतंय, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दवाखान्यात दोन प्रकारची लिखापढी असे. एक रजिस्टर. त्यात डॉक्टर सांगत तसं, त्यांच्या त्या अस्तर-दातेरीच्या भाषेत, पेशंटची तक्रार मी शब्द न् शब्द उतरवून घेत असे. दुसरा महिन्याचा रिटर्न. तो इंग्रजीत, छापील फॉर्मवर, तीन तारखेच्या आत पर्सोनेलच्या साहेबाकडे जायला हवा. त्यात नाव, खातं, तक्रार आणि रजेचे दिवस. तक्रारीचा रकाना दोन बोटं रुंद. मी पहिल्या महिन्यात डॉक्टरांना विचारलं, "फऱ्याखालची दातेरी आखडली, याला इंग्रजीत काय लिहू?" ते म्हणाले, "मला इंग्रजीत विचारू नका. मी ती भाषा सोडली." मग मी काय करणार? मी लिहिलं, बॅक पेन.

आणि ते बसलं बरोबर रकान्यात. मग मानेखाली आणि कंबरेवर जे जे काही दुखलं, ते ते मी बॅक पेन लिहीत गेलो. डॉक्टर फॉर्मकडे न बघता सही ठोकत. साहेबाला माझे रिटर्न फार आवडत. सुटसुटीत, वेळेवर, खाडाखोड नाही. "दवाखान्यात एक तरी माणूस शहाणा आहे," असं त्याने मला बोलावून सांगितलं होतं, आणि त्या रिटर्नांच्या जोरावरच मी कायम झालो. डॉक्टरांच्या वेडापायी कंपनीचं काम अडू नये, हे मीच बघतो, अशी माझी समजूत होती. सहा वर्षं होती.

बबन फाउंड्रीत होता. मोशीच्या पुढचा, इंद्रायणीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, तिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप. ओतलेले जड भाग थंड झाले की खांद्यावर टाकून घासाईच्या शेडमधे नेऊन टाकायचे, हे त्याचं काम. ट्रॉली होती, पण तिचं एक चाक कायम मोडलेलं. एकदा ओल्या फरशीवर पाय सटकला. बबन पडला नाही. खांद्यावरचं ओझंही त्याने पडू दिलं नाही, तिथेच चूक झाली. मानेपासून काखेखालपर्यंत एक सणक गेली. चार दिवस दुखलं, मग दुखायचं थांबलं. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

दवाखान्यात आला तेव्हा म्हणाला, "दुखत न्हाई, डॉक्टर. पर वरची साखळी वढाया गेलो की हातच म्हनतो, न्हाई."

डॉक्टरांनी त्याला भिंत ढकलायला लावली. आणि मी पहिल्यांदाच माझं पेन खाली ठेवून उठून उभा राहिलो. बबनचा उजवा फरा पाठीपासून सुटून मागे उभा राहिला होता. दार किलकिलं उघडावं तसा. डॉक्टरांनी त्याच्याखाली बोटं सरकवून पाहिली. मग त्यांनी मला सांगितलं, लिहा: "उजव्या फऱ्याखालची दातेरी निकामी. तिची लांब शीर ओझ्याच्या हिसक्याने ताणली गेली. भिंत ढकलता फरा आतल्या कडेने सुटतो. खाली बोटं जातात. ओझं पूर्ण बंद. हलकं काम द्यावं." मी रजिस्टरात लिहिलं. आणि महिनाअखेरीला रिटर्नमधे लिहिलं, बॅक पेन.

सात महिने बबन येत राहिला. सात महिने मी तेच लिहिलं. हलकं काम द्यावं ही शिफारस जाई डॉक्टरांच्या मराठी चिठ्ठीवर. ती फाउंड्रीच्या सुपरवायझरच्या खिशात राही. एक्स-रे काढला, हाडं ठणठणीत. समोरून बबन धडधाकट दिसे, शर्ट घातला की तर पैलवान. सुपरवायझर म्हणाला, नाटक करतो. आठव्या महिन्यात बबनला चार्जशीट मिळाली: कामचुकारपणा आणि आजाराचं ढोंग. सिद्ध झालं तर नोकरी जाणार होती. शेतात तरी परत जाऊन काय करणार होता? तिथेही हात वर करावाच लागतो.

चौकशी साहेबाच्या केबिनमधे झाली. साहेब, युनियनचा एक माणूस, बबन, डॉक्टर आणि रजिस्टरं उचलून आणलेला मी. डॉक्टर खुशीत होते. आपली नावं पहिल्यांदाच कुणीतरी अधिकाऱ्यासमोर वापरायला मिळणार म्हणून त्यांनी धुतलेला कोट घातला होता. त्यांनी बबनची केस अगदी पोटतिडकीने समजावून सांगितली. शीर अशी येते, अशी उघड्यावरून जाते, दातेरी अशी धरते.

साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरची फाइल उघडली आणि वाचायला लागला. "जानेवारी, बॅक पेन. फेब्रुवारी, बॅक पेन. मार्च, बॅक पेन." सातही महिने वाचले, एकेक सावकाश. "डॉक्टर, तुमच्याच दवाखान्याने सात महिने लिहून दिलंय की याची पाठ दुखते. खाली तुमची सही. आज चौकशीच्या दिवशी तुम्ही म्हणताय, पाठ दुखतच नाही, खांद्याखालची कुठली तरी शीर गेलीय. हे नवीन दुखणं आज कुठून आलं?"

त्या क्षणापर्यंत, खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा फॉर्म कुणी वाचतं, आणि त्यावरून माणसाची भाकरी जाऊ शकते, हे सहा वर्षांत मला सुचलंच नव्हतं. बबन माझ्याकडे बघत नव्हता, त्याला इंग्रजी कळत नव्हतं. डॉक्टरांनी फाइल हातात घेतली. सातही कागद उलटून पाहिले. नंतर मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा समोरून ओळखलं.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे?"

"हे सातही कागद चूक आहेत. रजिस्टरात बरोबर आहे. वाचा."

साहेबाने रजिस्टर वाचलं. दातेरी वगैरे शब्दांवर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे आत्ता लिहून आणलं नाही कशावरून?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. बबनला म्हणाले, "शर्ट काढ." केबिनची भिंत हिरव्या ऑइलपेंटची होती, तिच्यापुढे बबनला उभा केला. "ढकल." फरा सुटून उभा राहिला. युनियनचा माणूस "आयला" म्हणाला.

"इकडे या," डॉक्टर साहेबाला म्हणाले. "घाला बोटं याच्याखाली. घाला, घाला, तो काही चावत नाही."

साहेब आला. त्याने दोन बोटं पुढे केली. ती दुसऱ्या पेरापर्यंत फऱ्याखाली गेली. साहेबाचा चेहरा असा झाला की मला आजही सांगता येत नाही. त्याने हात झटकन मागे घेतला आणि रुमालाला पुसला.

"हे ढोंग असेल," डॉक्टर म्हणाले, "तर तुम्ही करून दाखवा."

बबन अजून भिंत ढकलतच होता, त्याला थांब म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग साहेब खुर्चीत जाऊन बसला. हरलेला अधिकारी करतो तेच त्याने केलं. दुसरा माणूस शोधायला लागला.

"ठीक आहे. मग हे रिटर्न खोटे. कोण लिहितं हे?"

"दवाखान्यातून जातात," डॉक्टर म्हणाले.

"दवाखान्यातून म्हणजे कोण?"

"सही माझी आहे."

"लिहितं कोण, ते विचारतोय."

"सही माझी आहे," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "मी वाचलं नाही. न वाचता सही केली. सहा वर्षं केली. लिहून घ्या."

आणि साहेबाने लिहून घेतलं. मी तिथेच उभा होतो, रजिस्टरं छातीशी धरून. तोंड उघडायला एवढा वेळ मिळाला होता की त्यात एक बिडी ओढून झाली असती. मी उघडलं नाही. मला नुकती मुलगी झाली होती, घरभाडं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत. भ्यालो, हेही खरं आहे.

बबनची चार्जशीट मागे घेतली गेली. त्याला टूल स्टोअरच्या खिडकीवर बसवलं, जिथे सगळं सामान कंबरेच्या उंचीला असतं. डॉक्टरांना मेमो मिळाला, आणि त्यांचा करार दर वर्षी नवा होत असे, तो चार महिन्यांनी झाला नाही.

त्या चार महिन्यांत ते मला काय बोलले, असं कुणी विचारलं तर सांगायला एकच वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी महिन्याचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो प्रथमच वाचला, दोन बोटांच्या रकान्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "जागा कमी आहे. कागद जोडत चला." बस. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चिकटपट्टीने कागद जोडत गेलो आणि ते स्वतः, सोडून दिलेल्या इंग्रजीत, एकेक नाव स्पेलिंगसकट सांगत गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी बकऱ्याचा फरा खिशात टाकला, वही बगलेत धरली आणि निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. काहीतरी बोलायचं ठरवूनच गेलो होतो. "येतो," एवढंच म्हणालो. जात ते होते आणि येतो मी म्हणालो.

पुढे त्यांनी चिंचवड गावात दोन खणांची जागा घेऊन दवाखाना घातला. तो चालला नाही. ताप आलेल्या माणसालाही भिंत ढकलायला लावत, असं ऐकलं. वहीचं काय झालं मला माहीत नाही. मी त्या रस्त्याने जायचं टाळत असे. पाच-सहा वर्षांनी ते गेल्याची बातमी मला कारखान्यातच कळली, तीही एका ड्रायव्हरकडून, अंत्यविधी होऊन गेल्यावर.

बबन दर उन्हाळ्यात, कांदा निघाला की माझ्याकडे पिशवीभर कांदे घेऊन येत असे. पिशवी डाव्या खांद्यावर. बायको खूश असायची, कारण कांदे चांगले टिकणारे असत. मला ते कांदे घशाखाली उतरत नसत. त्याला वाटत होतं, भाऊसाहेबांनी, म्हणजे मी, रजिस्टरात बरोबर लिहून ठेवलं म्हणून आपण वाचलो. निदान मी तसं धरून चाललो होतो. डॉक्टर गेले त्या वर्षी तो आला, ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि मला ते सोसलं नाही.

"बबन," मी म्हणालो, "तुझ्या त्या रिटर्नमधे बॅक पेन लिहिणारा मी होतो. डॉक्टरांनी नाही लिहिलं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. तुझी नोकरी जात होती ती माझ्यामुळे."

त्याने तांब्या खाली ठेवला. "ठाव हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिसापास्नं. भाईर आल्याव डॉक्टरांनी मला पायरीवर बशीवलं आन् समदं सांगितलं. म्हनले, चूक कुनाची ते तुला ठावं पाह्यजे, फरा तुझा हाय. पर आत त्याचं नाव घेतलं आसतं तर त्याची नोकरी गेली आसती, आन् तुझा फरा काय त्यानं खाली बसला नसता."

डोळे भरून आले, ते मी त्याच्यापासून लपवलेही नाहीत.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"म्या कशापायी बोलू? बोलायचं तुमाला व्हतं."

"आणि हे कांदे? सगळं माहीत असून?"

बबन हसला. "कांदं व्हय? कांदं काय, आमी समद्यांनाच देतो, भाऊसाहेब. त्या साहेबालाबी देतो." मग रिकामी पिशवी झटकून घडी घालत म्हणाला, "घेतलं न्हाईत ते फकस्त डॉक्टरांनी. म्हनायचे, त्या लेखनिकाकडं ने आधी. त्यो एक दिवस तुला काय तरी सांगंल, तवर जात ऱ्हा."